राजाचे वेड आणि राजाची शुश्रूषा

वार्धक्यात बुद्धी ढळू लागली म्हणजे तिला लावावयाचे शब्द आपल्या भाषेत पुष्कळ आहेत. परंतु त्यांपैकी बहुतेक थट्टेचे आहेत. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण लहान मुलेदेखील आजोबांच्या देखत म्हणतात. 'म्हातारचळ' हा शब्द तर ऐकणाऱ्याला हसू यावे म्हणूनच जणू घडविलेला आहे. डॉक्टर मंडळींनी अलीकडे रूढ केलेला 'स्मृतिभ्रंश' हा शब्द तेवढा गंभीर खरा. तो गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो हे वाचकांना ठाऊकच आहे. पण तेथे तो क्रोधातून उपजणाऱ्या मोहाचे फळ म्हणून येतो, म्हातारपणाची व्याधी म्हणून येत नाही. थट्टेचा शब्द ओसरीवर चालतो आणि गंभीर शब्द डॉक्टरांच्या चिठ्ठीवर राहतो. ज्याच्याविषयी ते योजावयाचे तो मनुष्य मात्र माजघरात बसून आपल्याच मुलाला 'आपण कोण?' म्हणून अदबीने विचारीत असतो.

हे आम्ही पुस्तकांतून लिहीत नाही. आमच्या मातोश्रींना आज चौऱ्याऐंशीवे वर्ष चालू आहे आणि गेली चार वर्षे त्यांची स्मृती हळूहळू उणी होत आहे. दिवेलागण झाली की त्या पदर सावरून उठतात आणि 'आता मला माहेरी पोहोचवा, आई वाट पाहत असेल' म्हणून आमच्या मागे लागतात. त्यांची आई जाऊन पन्नास वर्षे होऊन गेली, हे सांगून उपयोग नसतो. सांगितले तर ती वार्ता त्यांना त्या क्षणी नव्यानेच कळते आणि त्या नव्यानेच रडतात. हे आम्ही दोनदा केले आणि मग सोडून दिले. आता आम्ही त्यांना हाताला धरून फाटकाबाहेर नेतो, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आणतो, आणि आमच्याच उंबऱ्यावर त्या सुटकेचा निःश्वास टाकून 'आलो बाई घरी' असे म्हणतात.

गेल्या वर्षी निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला करावयाचा होता. एका कचेरीत आम्ही त्यांना घेऊन गेलो. त्यांची सही जुन्या सहीशी जुळेना. तेथील गृहस्थ वाईट नव्हते. पण त्यांनी मातोश्रींकडे एकदाही पाहिले नाही, कागदाकडेच पाहिले, आणि आम्हाला विचारले, 'यांच्या वतीने कोण?' तो प्रश्न आमच्या कानांत राहिला. इतिहास शिकविण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत. ज्या शहरात ती गेली त्याच्या इतिहासातील एक प्रकरण ह्याच प्रश्नाभोवती फिरते, हे त्या कचेरीतून परतताना आमच्या लक्षात आले. ते प्रकरण आम्ही वर्गात कितीतरी वेळा शिकविले होते. चुकीचे शिकविले असे नाही. पण अर्धे शिकविले.

ते प्रकरण सांगण्यापूर्वी त्याहून सव्वाशे वर्षे जुने असे साताऱ्याचे एक उदाहरण पाहू; कारण तेथे आजारी मनुष्य वृद्ध होता आणि आपल्या घरातच होता. छत्रपती शाहू महाराजांचा जन्म १६८२ चा. बाळपण व तारुण्य मोगलांच्या छावणीत कैदेत गेले. १७०७ साली सुटका झाली. पुढे चाळीस वर्षे त्यांनी राज्य केले आणि ज्याला त्याला त्याच्या योग्यतेचे काम देऊन त्याचा विस्तार नर्मदेपलीकडे होऊ दिला. १७४८ साली त्यांची धाकटी राणी सगुणाबाई वारली. त्यानंतरच्या महाराजांच्या मनःस्थितीविषयी ग्रँट डफने जे लिहिले आहे ते प्रसिद्धच आहे. आपल्या आवडत्या कुत्र्याला जरतारी वस्त्रे व जवाहीर घालून, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवून महाराजांनी भेटीस आलेल्या सरदारांचे स्वागत केले, ही कथा त्याचीच. ग्रँट डफ हा पुढे साताऱ्यास रेसिडेंट होता आणि त्याचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे त्याने जे ऐकले ते पाऊणशे वर्षांनी ऐकले.

ह्या कुत्र्याच्या गोष्टीवर पुष्कळांनी तोंडसुख घेतले आहे. वेडाचा पुरावा म्हणून ती सांगावयाची आणि पुढे जावयाचे, असा प्रघात आहे. पण ज्या कुत्र्याने शिकारीत वाघापासून आपला जीव वाचविला असे मानले जाते, ज्याची समाधी म्हणून एक दगडी कुत्रा संगम माहुलीस आजही लोक दाखवितात, त्याला एका म्हाताऱ्या, निपुत्रिक, नुकतीच बायको गेलेल्या मनुष्याने पगडी घातली, तर त्यात बुद्धीचा भ्रंश किती आणि उरलेल्या माणसांविषयीचे मत किती, हे ठरविणे आम्हाला तितके सोपे वाटत नाही. ज्यांच्या घरी असा वृद्ध आहे त्यांना ठाऊक असते की त्याच्या विपरीत वागण्यातही पुष्कळदा एखादा जुना धागा शाबूत असतो.

परंतु साताऱ्याच्या वाड्यात त्या वेळी धागा शोधण्यास कोणास सवड होती? महाराजांना औरस पुत्र नव्हता. थोरली राणी सकवारबाई कोल्हापूरच्या संभाजी महाराजांना गादीवर आणण्याच्या खटपटीत होती. ताराबाई आपला नातू म्हणून रामराजाचे नाव पुढे करीत होती. पेशवे बाळाजी बाजीराव फौजेनिशी साताऱ्यास येऊन बसले होते. प्रत्येकाला महाराजांच्या खोलीत जावयाचे होते, आणि जो तो आत जाई तो काहीतरी लिहून घेण्यासाठी. अखेर महाराजांच्या हातचे दोन लेख पेशव्यांना मिळाले, त्यांत राज्याचा कारभार पेशव्यांकडे सोपविला होता, आणि १५ डिसेंबर १७४९ रोजी महाराज वारले. मराठ्यांच्या राज्यातील सत्ता साताऱ्याहून पुण्यास गेली ती ह्या कागदांच्या आधाराने. ते लेख खरे की खोटे, लिहितेवेळी महाराज शुद्धीवर होते की नव्हते, ह्यावर इतिहासकारांनी बरीच शाई खर्च केली आहे. सकवारबाईच्या सती जाण्यामागे किती इच्छा होती आणि किती सक्ती, ह्याविषयीही ग्रँट डफने जे सूचित केले आहे ते वाचून मन खिन्न होते. त्या शेवटच्या महिन्यांत महाराजांना भरविणारा, न्हाऊ घालणारा, रात्री उठून बसले तर पुन्हा निजविणारा कोण होता, हे मात्र कोणी विचारलेले नाही. तो कोणीतरी असलाच पाहिजे. सदुसष्ट वर्षांचा मनुष्य त्याच्यावाचून एक आठवडाही काढू शकला नसता.

तरी साताऱ्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे: महाराजांना कोणी घराबाहेर काढले नाही. वेड लागले म्हणून राजाला दूर कोठे नेऊन ठेवावे, ही कल्पनाच त्या वाड्यात कोणास सुचली नसावी. आपल्या धर्मशास्त्राचा ह्यात वाटा असेल. याज्ञवल्क्याने उन्मत्त, जड, अंध, पंगू इत्यादिकांना वाटा नाकारला आहे, पण त्याच श्लोकात त्यांचे भरणपोषण केले पाहिजे असेही बजावले आहे. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत त्याचा विस्तार केला आणि महाराष्ट्रात मिताक्षरा चालत आली. वाटा नाही हे अन्यायाचे होते. तो अन्याय १९२८ च्या कायद्याने बराचसा व १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पुरता दूर झाला. पण 'पोसले पाहिजे' हा दुसरा अर्धा भाग चांगला होता, आणि तो कोणत्याही कचेरीवर न टाकता थेट घरावर टाकलेला होता.

आता कोल्हापूरकडे वळू. छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परत येत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांचे स्मारक तेथे आर्नो नदीच्या काठी आहे. त्यांना पुत्र नव्हता. १८७१ साली सावर्डे येथील भोसले घराण्यातील नारायणराव नावाचा आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेण्यात आला आणि त्याचे नाव शिवाजी ठेवण्यात आले. कोल्हापूरच्या गादीवरील हे चौथे शिवाजी. आठ वर्षांच्या मुलाने एक घर सोडून दुसऱ्या घरात यावे, नाव टाकून दुसरे नाव घ्यावे, आणि ते नावही शिवाजी असावे, हा भार लहान नव्हे. आपल्याकडे दत्तकविधानाचे वर्णन करताना हत्ती, तोफा आणि पेढे ह्यांचा उल्लेख येतो. मुलाला झोप केव्हा लागली हे येत नाही.

पुढे वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षाच्या सुमारास महाराजांचे मन बिघडल्याचे सरकारास दिसू लागले. हा वृद्धापकाळचा स्मृतिभ्रंश नव्हता हे उघडच आहे. आजच्या मनोविकारशास्त्राने त्याला कोणते नाव दिले असते हे दीडशे वर्षांनंतर सांगू जाणे हा आगाऊपणा होईल. आमच्या विषयापुरते साम्य एवढेच की, आपल्या वतीने बोलण्याचे ज्याचे सामर्थ्य गेले किंवा गेले असे ठरविले गेले, असा एक मनुष्य आहे, आणि त्याच्या वतीने कोणी बोलावयाचे हा प्रश्न आहे. १८८२ साली कागलचे अधिपती जयसिंगराव घाटगे, आबासाहेब, ह्यांची रीजंट म्हणून नेमणूक झाली. दिवाणगिरी माधवराव बर्वे ह्यांच्याकडे होती.

(येथे एक गोष्ट आठवते ती सांगून टाकतो. ज्या मेजर मँट नावाच्या स्थापत्यकाराने कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला, तोही त्याच सुमारास, १८८१ साली, वारला. आपल्या इमारतींची गणिते चुकली आहेत व त्या कोसळणार, ह्या ध्यासाने त्याचे डोके फिरले होते असे सांगतात. वाडा काही कोसळला नाही. तो १८८४ साली पुरा झाला आणि आज सारे जग तो पाहावयास येते. ज्या राजाच्या कारकिर्दीत तो उभा राहत होता त्या राजाला मात्र त्यात राहावयास मिळाले नाही.)

महाराज वेडे नाहीत, त्यांचा छळ करून त्यांना वेडे ठरविले जात आहे, अशी हाकाटी पुण्यास उठली. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे १८८१ च्या जानेवारीत नुकतीच निघाली होती. संपादक टिळक व आगरकर, दोघेही पंचविशीतले. बर्व्यांच्या हातची म्हणून काही पत्रे त्यांच्याकडे आली. त्यांवर भरवसा ठेवून त्यांनी लेख लिहिले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात एकशे एक दिवस काढून ते २६ ऑक्टोबरला सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे 'विकारविलसित', म्हणजे शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे भाषांतर, प्रसिद्ध झाले. वेड खरे की सोंग, ह्याविषयी सारा दरबार ज्याच्यावर पाळत ठेवून आहे अशा राजपुत्राचे ते नाटक. आगरकरांना ते हाती घेताना कोल्हापूर आठवले नसेल असे आम्हाला वाटत नाही.

हे सारे आपल्या शाळेच्या पुस्तकांत आहे, आणि ते तेथे टिळक-आगरकरांच्या तेजस्वी आरंभाचे प्रकरण म्हणून आहे. ते तसे आहेही. ज्या दिवाणाने ती पत्रे लिहिलीच नव्हती त्याचे काय, हा प्रश्न विद्यार्थी सहसा विचारीत नाहीत, आम्हीही विचारीत नव्हतो. बर्व्यांना त्या प्रकरणात अन्याय झाला, हे न्यायालयाने ठरविले आणि संपादकांनी मान्य केले. लोकांनी मात्र मिरवणुका काढल्या त्या संपादकांच्या. पण तोही भाग आज बाजूला ठेवू. आम्हाला आता निराळीच गोष्ट खटकते. सरकार म्हणत होते की महाराज वेडे आहेत, म्हणून त्यांना बंदोबस्तात ठेवले पाहिजे. पत्रकर्ते म्हणत होते की महाराज वेडे नाहीत, म्हणून त्यांना बंदोबस्तात ठेवणे हा जुलूम आहे. दोहोंच्या भांडणात एक गोष्ट दोघांनाही मान्य होती: वेड सिद्ध झाले तर बंदोबस्त योग्य. सारा वाद 'आहे की नाही' ह्यावर गेला. 'असले तर काय करावयाचे' हा प्रश्न उभाच राहिला नाही. महाराजांचे मित्रही त्यांना शहाणे ठरवून सोडविण्यास निघाले होते. ते शहाणे ठरले नाहीत, आणि मग त्यांच्या बाजूने बोलावयास काही शिल्लकच राहिले नाही.

महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवण्यात आले. नगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, कोल्हापुराहून साडेतीनशे किलोमीटरांच्या घरात आहे. कोल्हापुरास आगगाडी आली ती १८९१ साली. तोपर्यंत राजवाड्यातील कोणा बाईमाणसाने सहज उठून नगरास भेटीस जावे अशी सोयच नव्हती. तो किल्ला निजामशाहीचा, पुढे इंग्रज लष्कराचा. १९४२ साली पंडित नेहरू आदी पुढाऱ्यांना स्थानबद्ध केले तेही तेथेच. जो किल्ला सरकारने आपल्या शत्रूंसाठी निवडला तोच साठ वर्षांपूर्वी एका आजारी मुलासाठी निवडला होता. महाराजांच्या तैनातीस गोरे शिपाई होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी, नाताळच्या दिवशी, ग्रीन नावाच्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा अंत झाला. वय वीस वर्षांचे. त्या शिपायाने जाणून मारले असे लोक त्या वेळी म्हणत आणि आजही म्हणतात. ती केवळ झटापट होती अशी दुसरी बाजू आहे.

आम्ही ह्या वादातही पडत नाही, कारण हेतू कोणताही मानला तरी एक वस्तुस्थिती बदलत नाही. ज्या मनुष्याला भीती कोठून येते हे कळत नाही, त्याच्याजवळ रात्रंदिवस त्याची भाषा न जाणणारा, बळाने आवरण्याचे शिक्षण मिळालेला मनुष्य ठेवला, तर आज ना उद्या झटापट व्हावयाचीच. हे ओळखण्यास डॉक्टर व्हावे लागत नाही. मातोश्रींना एखादे वेळी आम्ही परके वाटतो. त्या वेळी आम्ही हात धरला तर त्या झिडकारतात, नखे लागतात. मग आमची मोलकरीण येऊन नुसते 'आजी, चहा ठेवलाय' असे म्हणते आणि सारे निवळते. तिला हे कोणी शिकविले नाही. नगरच्या किल्ल्यात तसे म्हणणारे कोणी असल्याचे आमच्या वाचनात आले नाही.

ह्याच्या उलट एक परदेशचे उदाहरण आहे. जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात १९०१ च्या नोव्हेंबरात औगुस्टे डेटर नावाची एकावन्न वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेतील कारकून. इस्पितळाचा खर्च त्याला जड जात होता. तेथील डॉक्टर अल्झायमर ह्यांनी तिच्याशी दिवसामागून दिवस बसून संभाषण केले. तिला काय विचारले, तिने काय उत्तर दिले, जेवताना ती काय बोलली, नाव लिहावयास सांगितले तेव्हा ती कोठे अडखळली, हे सारे टिपून ठेवले. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगन येथे अल्झायमरांनी तिच्या मेंदूत आढळलेले फरक विद्वानांपुढे मांडले, आणि १९१० साली क्रेपेलिन ह्यांनी त्या व्याधीला अल्झायमरांचे नाव दिले. ती टिपणे नव्वद वर्षांनी फ्रँकफुर्टला सापडली. त्या बाईचे दुखणे बरे झाले नाही. ते आजही बरे होत नाही. पण तिचे म्हणणे कोणीतरी लिहून घेतले. आमच्या महाराजांविषयीचे जे आमच्या वाचनात आले त्यात दिवाण, रेसिडेंट, संपादक आणि वकील ह्यांचे म्हणणे आहे.

'यांच्या वतीने कोण?' ह्या प्रश्नाला कायद्याने काय उत्तर दिले, हेही पाहिले पाहिजे. ब्रिटिश हद्दीत १८५८ साली वेड्यांविषयीचे कायदे झाले. त्यांचा मुख्य भर मिळकतीची व्यवस्था आणि वेड्यांच्या इस्पितळांवर होता. ते १९१२ च्या कायद्यात एकत्र झाले. त्याच्या जागी १९८७ चा आणि त्याच्याही जागी २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला. ह्या शेवटच्या कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा विकारही घेतला आहे, आणि मनुष्य शहाणा असतानाच आपल्या उपचारांविषयी पुढे कोणी निर्णय घ्यावा हे त्याने स्वतः ठरवून ठेवावे, अशी तरतूद केली आहे. साध्या कागदावर, सहीने किंवा अंगठ्याने, ही नेमणूक करता येते. पूर्वीच्या कोणत्याही कायद्यात आजारी मनुष्याची स्वतःची निवड अशी विचारलेली नव्हती; ह्यास आम्ही मोठी सुधारणा समजतो. परंतु जुन्या कायद्यात मिळकतीसाठी पालक नेमण्याची जी वाट होती ती नव्यात नाही. म्हणून वृद्धाच्या बँकेतील पैशांतून त्याच्याच औषधाचा खर्च करावयाचा तर कित्येक कुटुंबांना उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आहेत. साताऱ्याचे सरदार महाराजांची सही घेण्यासाठी धावले. आजचा मुलगा आईची सही जुळत नाही म्हणून धावतो.

महाराजांच्या पश्चात त्यांच्या राणी आनंदीबाईसाहेब ह्यांनी १७ मार्च १८८४ रोजी रीजंट आबासाहेबांचे नऊ वर्षांचे पुत्र यशवंतराव ह्यांना दत्तक घेतले. तेच राजर्षी शाहू महाराज. कोल्हापुरात त्यांचा पुतळा पाहिला नाही असा मनुष्य नाही; पण धर्मशास्त्राने ते नगरच्या किल्ल्यात वारलेल्या त्या वीस वर्षांच्या राजाचे पुत्र होत, हे आमच्या वर्गात विचारले तर चार हात वर येतात.

आमच्या वकील मित्रांना आम्ही नव्या कायद्यातील त्या नेमणुकीविषयी विचारले. ते म्हणाले, मातोश्रींसाठी तुम्ही चार वर्षे उशिरा आलात. आता त्यांच्यासाठी नातलग म्हणून तुम्हीच. तुम्ही स्वतःचा कागद मात्र करून ठेवा. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही तो केला. नाव सौभाग्यवतींचे घातले. त्यांनी तो वाचला, घडी करून कपाटात ठेवला, आणि आपल्या कागदावर कोणाचे नाव घालावे म्हणून आम्हाला विचारले. आम्ही आमचे सुचविले, तेव्हा गेल्या आठवड्यात आम्ही चष्मा कोठे ठेवला होता त्याची त्यांनी आठवण करून दिली. तो कागद अजून कोराच आहे. मुलगा उन्हाळ्यात घरी येणार आहे, त्या वेळी बोलू असे ठरले आहे.